लोकेशन साउंडसाठी रेकॉर्डर आणि मिक्सर निवडताना: आधी बाहेर जाणाऱ्या वायरी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आतापर्यंत हातात मावणाऱ्या छोट्या रेकॉर्डरवर काम भागलं. आता मुलाखती, माहितीपट, मधूनच एखादी शॉर्टफिल्म अशी कामं येऊ लागली आहेत. एक बूम (लांब काठीवरचा माइक) आणि दोन वायरलेस लेपल (कपड्यावर लावायचे छोटे माइक) जवळ आहेत, पुढे लेपल चारवर जातील. मग वेगळा मिक्सर आणि वेगळा रेकॉर्डर घ्यावा, की दोन्ही एकात असलेलं यंत्र? आणि ३२-बिट फ्लोटमुळे, म्हणजे खूप मोठा आणि खूप बारीक आवाज दोन्ही साठवू शकणाऱ्या रेकॉर्डिंगच्या पद्धतीमुळे, आवाज फुटायची भीतीच उरली नसेल, तर मिक्सर हवाच कशाला?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. एकात असलेलं यंत्र घ्या. वेगळ्या मिक्सरची पद्धत पडली ती आवाज थेट कॅमेऱ्याच्या टेपवर जायचा तेव्हा. साउंड डिव्हायसेस कंपनीचा ३०२ किंवा ४४२ मिक्सर गळ्यात अडकवायचा, त्यातून एक जाड केबल कॅमेऱ्यात न्यायची, आणि रेकॉर्डर म्हणजे कॅमेराच. ते मिक्सर आजही ठणठणीत चालतात. त्यांचे प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग) आणि लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारे) अजून कुणाला हार जाणारे नाहीत. पण ती सगळी रचना दोन चॅनलचा मिक्स बाहेर देण्यासाठी केलेली होती, आणि आज संकलकाला मिक्सही हवा असतो आणि प्रत्येक माइकचा सुटा ट्रॅकही. एकदा मिसळलेला आवाज पुन्हा वेगळा काढता येत नाही. एका लेपलवर कपडा घासला आणि तो मिक्समध्ये गेला, की सुट्या ट्रॅकशिवाय तो संवाद वाचवणं फार अवघड जातं.

शिवाय दोन यंत्रं म्हणजे दोन बॅटऱ्या, मधली एक केबल आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) बिघडायच्या दोन जागा. मिक्सर लाइन लेव्हल (माइकपेक्षा बराच जोरदार सिग्नल) बाहेर देतो आणि रेकॉर्डरची इनपुट चुकून माइकवर राहिलेली असते, हा घोळ सगळ्यांत जास्त दिसतो. अशा वेळी रेकॉर्डरचा ट्रिम (इनपुटचा गेन ठरवणारा नॉब) खाली ओढला की मीटर शहाण्यासारखं हिरव्यात बसतं, पण आवाज इनपुटच्या पहिल्या टप्प्यावरच फुटलेला असतो. हाती मिक्सर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर दोन्हीकडे लाइन लेव्हल लावा, मिक्सरमधून १ किलोहर्ट्झचा टोन शून्य व्हीयूवर सोडा आणि रेकॉर्डरवर तो उणे २० डीबीएफएसवर (डिजिटलच्या कमाल पातळीच्या २० डीबी खाली) बसवा. (काही प्रसारण संस्था उणे १८ मागतात, ते आधी विचारून घ्या.) त्यानंतर रेकॉर्डरच्या ट्रिमला हात लावायचा नाही, जो काही खेळ करायचा तो मिक्सरवर.

एकत्र यंत्रांत कोणतं, हा खरा प्रश्न. इथे बहुतेक जण माहितीपत्रकातला प्रीअँपच्या गोंगाटाचा आकडा घेऊन बसतात. तो आकडा तुमच्या कामात किती उतरतो, हे एकदा कागदावर मांडून बघा. सेनहायझरचा एमकेएच ४१६ घेऊ. त्याची संवेदनशीलता २५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, म्हणजे ९४ डीबी आवाजाला साधारण उणे ३२ डीबीव्ही. त्याचा स्वतःचा गोंगाट १३ डीबी, म्हणजे ९४च्या ८१ डीबी खाली. तेव्हा काहीही न बोलता, निव्वळ शांततेत हा माइक उणे ११३ डीबीव्ही एवढी सळसळ बाहेर टाकतो. आता प्रीअँप बघा. झूम कंपनीच्या एफ८ मालिकेतल्या रेकॉर्डरचा आकडा उणे १२७ डीबीयू, साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री मालिकेचा उणे १३० डीबीव्ही. पहिल्या नजरेला तीन डीबीचा फरक वाटतो, पण एकके वेगळी आहेत. शून्य डीबीव्ही म्हणजे १ व्होल्ट, शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आणि दोन्हींत २.२ डीबीचं अंतर आहे. म्हणजे उणे १२७ डीबीयू हे उणे १२९.२ डीबीव्ही झालं. उरला एका डीबीहूनही कमी फरक, आणि तोसुद्धा माइकच्या स्वतःच्या सळसळीच्या तब्बल १६ डीबी खाली. दोन्ही गोंगाटांची बेरीज केली तर एकूण पातळी जेमतेम एक दशांश डीबीने वाढते. कुठलाही कान ते ऐकत नाही. वायरलेस रिसीव्हर लाइन लेव्हलवर जोडलेला असेल तर प्रीअँपच्या त्या आकड्याचा संबंधच उरत नाही.

प्रीअँप खरोखर महत्त्वाचा ठरतो तो कमी संवेदनशील माइक लावून शांत आवाज टिपायचा असेल तेव्हा. डायनॅमिक माइक १ ते २ मिलिव्होल्टच देतो, म्हणजे ४१६पेक्षा बावीस ते अठ्ठावीस डीबी खाली. तो माइक घेऊन रात्रीच्या रानाचा अँबियन्स (आसपासचा आवाज) घ्यायचा असेल तर जरूर आकडे तपासा. संवादाच्या कामाला वर सांगितलेल्या दर्जाचं कुठलंही यंत्र पुरेसं आहे. तुमचा निर्णय प्रीअँपवर अडू देऊ नका.

इनपुट मोजताना मात्र डोळे उघडे ठेवा. यंत्राच्या नावातला आकडा म्हणजे एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीची) संख्या, असं धरून चालू नका. मिक्सप्री-६मध्ये एक्सएलआर इनपुट चार आहेत, बाकीचे दोन चॅनल साडेतीन मिलिमीटरच्या जॅकवर येतात. मिक्सप्री-१०मध्ये आठ आहेत. झूम एफ६मध्ये खरोखर सहा आणि एफ८एन प्रोमध्ये आठ. ट्रॅकची संख्या त्याहून वेगळी, कारण त्यात डाव्या-उजव्या मिक्सचे दोन ट्रॅकही धरलेले असतात. तुमचा हिशोब असा: बूम एक, लेपल चार, म्हणजे पाच. टेबलाखाली किंवा गाडीत लपवायचा एक माइक कधी ना कधी लागतोच, म्हणजे सहा. सहाला सहा घेतलं की ऐन वेळी एक इनपुट खरखरू लागली तर हलवायला जागा नाही. म्हणून चार लेपल नक्की येणार असतील तर आठचंच घ्या.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही तिकडे येतो. आत काय येतं हे सगळे मोजतात, बाहेर काय काय जायचं आहे ते मोजत नाहीत. सेटवर दिवस बिघडतो तो बाहेर जाणाऱ्या आवाजामुळे. रेकॉर्डरमध्ये आवाज स्वच्छ असला तरी कोण ऐकतंय? दिग्दर्शकाला कानात संवाद हवे असतात. कॅमेऱ्यात सिंकसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवण्यासाठी, मार्गदर्शक ट्रॅक हवा असतो, आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हींत. बूम दुसऱ्याच्या हातात असेल तर त्यालाही आपला माइक कुठे चाललाय ते ऐकू यायला हवं, नाहीतर तो अंदाजाने बूम धरतो. आणि तुमचे हेडफोन तर आहेतच. हे सगळं लिहून काढा आणि मग यंत्राची मागची-पुढची बाजू बघा. मिक्सप्री-३ आणि मिक्सप्री-६ला बाहेर जायला साडेतीन मिलिमीटरचा एक स्टिरिओ जॅक आहे आणि हेडफोनचा एक. झूम एफ६ची गोष्ट तीच. एफ८एनला दोन छोटे लॉक होणारे टीए३ आउटपुट मिळतात, शिवाय साडेतीनचा एक वेगळा जॅक आणि हेडफोन. कागदावर ही किरकोळ गोष्ट वाटते, पण धावपळीच्या शूटमध्ये हाच फरक सगळ्यांत जास्त जाणवतो.

एकच स्टिरिओ जॅक असेल तरी मार्ग निघतो. त्यातले डावा आणि उजवा हे दोन स्वतंत्र आउटपुट म्हणून वापरा. राउटिंगमध्ये, म्हणजे कुठला आवाज कुठे जायचा ते ठरवताना, डाव्यावर कॅमेऱ्यासाठीचा मिक्स, उजव्यावर दिग्दर्शकासाठीचा, आणि वाय केबलने दोन ट्रान्समीटर जोडा. पण तो जॅक लॉक होत नाही हे विसरू नका. केबल बॅगच्या आतल्या पट्टीला बांधून थोडी सैल ठेवायची, म्हणजे बाहेर कितीही ओढ बसली तरी प्लगला झटका लागत नाही. काटकोनी प्लग घेतला तर आणखी बरं. आणि कॅमेऱ्याची इनपुट माइकवर आहे की लाइनवर, हे नुसतं विचारून समाधान मानू नका. कॅमेऱ्याला स्वतःचे हेडफोन लावा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करून परत ऐका. मीटर हलताना दिसतं म्हणून आवाज चांगलाच असेल, असं नसतं.

दुसरी तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोटांखाली काय आहे. ट्रिम आणि फेडर (मिक्समध्ये प्रत्येक चॅनल किती ऐकू यायचा ते ठरवणारा नॉब) ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रिम एकदा बसवायचा असतो, माइक बदलला किंवा माणूस बदलला की पुन्हा. फेडर मात्र टेकभर हातात असतो. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत आहेत असं धरा, दोघांना लेपल, वर बूम. पहिला बोलता बोलता हसतो आणि छातीवर हात मारतो. तो हात उठतानाच त्याचा लेपल चार-सहा डीबी खाली यायला हवा, आणि त्याच क्षणी दुसरा तोंड उघडतोय हे त्याच्या श्वासावरून ओळखून त्याचा वर जायला हवा. हे सगळं अर्ध्या सेकंदात, डोळे माणसांवर आणि बोटं नॉबवर. पडद्यावर मेनू उघडून, चॅनल निवडून, आकडा बदलून हे होणे नाही. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र नॉब हवा, तो न बघता बोटाला सापडायला हवा, आणि दोन नॉबमध्ये बोट मावेल एवढी जागा हवी. झूमचे नॉब बारीक आहेत, हे त्या मालिकेचं माझ्या मते सगळ्यांत मोठं उणं. मिक्सप्रीचे मोठे आणि हाताला चांगले लागतात. एफ८ मालिकेला जोडायचं एफआरसी-८ हे फेडरचं पॅनेल मिळतं, गाडीवर सेटअप लावून बसून काम करणाऱ्याला ते सोयीचं. गळ्यात बॅग घेऊन हिंडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आणि एफ३सारख्या यंत्राला गेनचे नॉबच नाहीत. छोट्या अँबियन्सच्या कामाला ते अप्रतिम आहे, पण संवाद मिक्स करायला ते घेऊ नका.

चार-पाच माणसं एकदम बोलणार असतील तर ऑटोमिक्स मदतीला येतो. अमेरिकन ध्वनितज्ज्ञ डॅन ड्यूगन यांनी रूढ केलेली कल्पना अशी, की कितीही माइक चालू असले तरी सगळ्यांचा मिळून एकूण गेन एका माइकएवढाच राहावा. जो बोलतो त्याच्या वाट्याला जास्त, गप्प बसलेल्याच्या वाट्याला कमी. त्यामुळे खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर पाचपट होत नाही. झूममध्ये ऑटोमिक्स आणि मिक्सप्रीत मिक्सअसिस्ट या नावाने अशी सोय मिळते. ती फक्त मिक्स ट्रॅकवर चालते, सुटे ट्रॅक जसेच्या तसे राहतात, त्यामुळे बिनधास्त वापरा. पण नाट्यमय प्रसंगात, जिथे कुजबुज आणि शांतता दोन्ही महत्त्वाच्या आहेत, तिथे ती बंद ठेवून हातानेच करा.

आता ३२-बिट फ्लोट. ते उपयोगी आहे याबद्दल शंका नको. २४-बिटची तात्त्विक पट्टी १४४ डीबी, फ्लोटची कागदोपत्री १५२८ डीबी. एवढी मोठी पट्टी प्रत्यक्षात कुठल्याच कन्व्हर्टरला पेलत नाही. ही यंत्रं काय करतात, तर एकाच इनपुटला दोन किंवा जास्त कन्व्हर्टर वेगवेगळ्या गेनवर लावतात आणि मोठ्या-छोट्या आवाजाप्रमाणे त्यांचे आकडे सांधतात. त्यामुळे कुजबुजीनंतर अचानक किंकाळी आली तरी रेकॉर्डरमध्ये ती फुटत नाही, नंतर खाली आणता येते.

पण साखळीतला रेकॉर्डर हा शेवटचा दुवा आहे. ४१६ची मर्यादा १३० डीबी, त्यापुढे माइकच विकृत होतो. लेपलच्या ट्रान्समीटरचा गेन जास्त ठेवला असेल तर आवाज हवेत जायच्या आधीच फुटतो, आणि रेकॉर्डर तो फुटलेला आवाज अतिशय इमानदारीने ३२ बिटांत साठवतो. वारा, कपड्याची घासाघीस, दूर धरलेला बूम यातलं काहीच फ्लोटने सुधारत नाही. आणि पुन्हा बाहेर जाणाऱ्या वायरींचा मुद्दा: कॅमेऱ्याकडे आणि दिग्दर्शकाच्या कानात जाणारा आवाज अ‍ॅनालॉग आहे, तो पूर्वीसारखाच फुटतो. दिग्दर्शकाने संवाद फुटलेला ऐकला तर तो टेक पुन्हा घेणार. फाइलमध्ये चांगला आहे असं सांगून त्याचं समाधान होत नाही, आणि का व्हावं? म्हणून मिक्सर लागतोच, मग तो रेकॉर्डरच्या आतलाच का असेना. फ्लोट आहे असं समजून गेन लावूच नका, नाही असं समजून लावा. मग ज्या दिवशी कुणी अनपेक्षित ओरडेल त्या दिवशी ते तुम्हाला तारून नेईल. फाइलचा आकारही वाढतो. ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचा एक तास २४-बिटमध्ये सुमारे ५१८ एमबी, फ्लोटमध्ये ६९१. पुढे आवाजावर काम करणाऱ्याला फ्लोट चालतं का, हे आधी विचारलेलं बरं.

टाइमकोडबद्दल, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी फाइलवर बसणाऱ्या वेळेच्या शिक्क्याबद्दल, थोडक्यात. एकापेक्षा जास्त कॅमेरे असतील किंवा लांब मुलाखती असतील तर रेकॉर्डरमध्ये स्वतःचा टाइमकोड जनरेटर हवा, नुसतं वाचणारा नको. साध्या क्रिस्टलचं घड्याळ ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकत असेल तर तासाला ०.१८ सेकंद जातात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशोबाने साडेचार फ्रेम. ओठ आणि शब्द वेगळे दिसायला एवढं पुरतं. चांगल्या रेकॉर्डरमध्ये हीच चूक ०.२ पीपीएम असते, दिवसभरात अर्धी फ्रेमही नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र तेवढं चांगलं नसतं, त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्यावर टेंटॅकलसारखी सिंकची डबी लावा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या पुन्हा जुळवा. फाइलवर टाइमकोडचा शिक्का फक्त सुरुवातीला बसतो, पुढची चाल सँपल क्लॉकची, म्हणजे आवाजाचे नमुने घेणाऱ्या आतल्या घड्याळाची, असते. म्हणून तासभर न थांबता चाललेल्या टेकमध्ये शेवटीही एक क्लॅप घ्या.

वीज हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण यंत्र पडून राहतं ते बहुतेक वेळा विजेपायी. यंत्राच्या आत बसणाऱ्या पेन्सिल सेलच्या भरवशावर शूटला जाऊ नका. फँटम (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू केला, ट्रॅक वाढले, हेडफोनचा आवाज चढवला की ते बघता बघता उतरतात. हिशोब वॅटमध्ये करा. यंत्र आणि रिसीव्हर मिळून १० वॅट खात असतील तर ४७ वॉट-तासांची मोठी एल-माउंट बॅटरी साडेचार तासांच्या आसपास चालेल, म्हणजे दिवसाला किमान तीन. चार रिसीव्हर आले की बॅटरी वितरणाची पेटी आणि ९८ वॉट-तासांच्या स्मार्ट बॅटऱ्या घेणं शहाणपणाचं. त्या १०० वॉट-तासांच्या आत असल्यामुळे विमानातून हातातल्या सामानात नेता येतात. यूएसबी-सीच्या प्लगला बॅगेतली ओढाताण सोसत नाही, तिथे लॉक होणारा हिरोजेचा कनेक्टर निश्चिंत ठेवतो. बाहेरची वीज गेली तर आपोआप आतल्या सेलवर जाणारं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. वितरण पेटीतून रेकॉर्डर आणि रिसीव्हर दोघांनाही वीज दिल्यावर कधी कधी बारीक शिट्टीसारखा आवाज मिसळतो. तो ग्राउंडच्या वेड्यावाकड्या वाटेचा असतो. सगळं जोडून, गेन चढवून, शांत खोलीत ते आधीच ऐकून घ्या.

कार्डाची दोन खणं असलेलं यंत्र असेल तर दोन्हींवर एकदम रेकॉर्ड करा, आणि कार्ड संगणकात नाही, यंत्रातच फॉरमॅट करा. आठ ट्रॅक २४-बिटमध्ये चालले तर साध्या वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादा ६२ मिनिटांत गाठली जाते. तुमचं यंत्र तिथे काय करतं, नवी फाइल अखंड जोडून पुढे जातं का, हे एकदा घरी मुद्दाम चालवून बघा. सीन आणि टेकची नावं फाइलमध्येच लिहायची सोय बहुतेक यंत्रांत आहे, पण ती किती झटपट लिहिता येतात हे मात्र यंत्रागणिक बदलतं.

तर माझा कौल असा. चार लेपल येणार हे पक्कं असेल तर मिक्सप्री-१०ची दुसरी आवृत्ती किंवा झूम एफ८एन प्रो. दोन्ही ३२-बिट फ्लोट करतात, दोन्हींत आठ एक्सएलआर आहेत. पहिल्याचे नॉब हातात खेळवायला अधिक चांगले, दुसरा बॅगेत हलका. काम पुढेही बूम आणि दोन लेपलवरच थांबणार असेल तर मिक्सप्री-६ची दुसरी आवृत्ती घ्या. एफ६ आकाराने फार सोयीचा आहे, पण रोज मिक्स करणाऱ्याला त्याचे नॉब त्रास देतील.

यातलं काहीही घेण्याआधी ते एक दिवस भाड्याने आणा. बॅगेत घाला, तुमचे सगळे रिसीव्हर, दोन ट्रान्समीटर, बॅटऱ्या जोडा, बॅग हार्नेसला लावून तासभर उभे राहा. बूम एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने, खाली न बघता, तिसऱ्या चॅनलचा फेडर शोधा. मग कुणाला तरी दिग्दर्शकाचे हेडफोन घालून दुसऱ्या खोलीत पाठवा, तुम्ही बोलत राहा, आणि त्याला काय ऐकू आलं ते विचारा.